जागा क्रमांक ४०३

वैद्यकातल्या वंशावळीची एक ठरलेली लिपी असते. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री. आजार असेल तर आकृती काळी भरायची. माणूस गेलेला असेल तर तिच्यावरून तिरकी रेघ मारायची. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात कोआटिकुक नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या एका फ्रेंच-कॅनेडियन घराण्याची अशी वंशावळ हृदयरोगाच्या अभ्यासकांच्या चांगलीच परिचयाची आहे. पिढ्या वरून खाली उतरत जातात आणि काळे चौकोन, काळी वर्तुळं काही थांबत नाहीत. या घराण्यातली धडधाकट माणसं अचानक कोसळून मरत. लोक त्याला शाप म्हणत. १९६१ साली पीटर पारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुटुंबाचा सविस्तर अभ्यास छापला. हा हृदयाच्या स्नायूचा आजार आहे आणि तो आईबापांपैकी एकाकडून मुलांकडे येतो, हे त्यातून पुढे आलं. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. आनुवंशिकतेच्या धड्यात वाटाणे, रक्तगट, रंगांधळेपणा इथवर मुलांना आणलं की तास संपायचा. या वंशावळीपर्यंत मी पोचले ती मात्र शिकवण्यासाठी नव्हे. माझ्या एका जवळच्या मैत्रिणीच्या नवऱ्याला हाच आजार निघाला. ती म्हणाली, "तू ते शोधनिबंध वाचू शकतेस ना, मग मला नीट सांग. डॉक्टर बोलायला लागले की माझं डोकं बधिर होतं गं." तेव्हापासून क्रिस्टीन साइडमन या शास्त्रज्ञ बाईंचं काम मी वाचत आले आहे. आधी मैत्रिणीसाठी वाचलं, मग ते मला सोडवेना.

आजाराचं नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. डॉक्टर नुसतं एचसीएम म्हणतात. यात हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होत जाते, विशेषतः दोन कप्प्यांमधला पडदा. मोठ्या माणसात ही जाडी साधारण १२ मिलिमीटरच्या आत असते. ती १५ किंवा त्याहून जास्त भरली आणि रक्तदाब किंवा झडपेचा आजार असं दुसरं कारण सापडलं नाही, तर या आजाराचं निदान करतात. ५०० माणसांत एकाला तो असतो असा अंदाज आहे. म्हणजे तो दुर्मीळ मुळीच नाही. बहुतेकांचं आयुष्य त्याच्यासकट व्यवस्थित पार पडतं, अनेकांना तर पत्ताही लागत नाही. पण काहींच्या हृदयाची लय एकाएकी बिघडते. मैदानावर कोसळलेल्या तरुण खेळाडूंच्या बातम्यांमागे अनेकदा हाच आजार निघतो.

१९५८ साली लंडनमध्ये डोनाल्ड टीअर या विकृतिशास्त्रज्ञानं त्याचं पहिलं नेमकं वर्णन केलं. अचानक मेलेल्या तरुणांची शवविच्छेदनं करताना त्यांना हृदयातला पडदा एकीकडेच विलक्षण जाड झालेला दिसला. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूच्या पेशी एका दिशेनं लागलेल्या असायला हव्यात, त्या इथे वेड्यावाकड्या एकमेकींत घुसल्या होत्या. टीअरना आधी वाटलं, ही एक प्रकारची निरुपद्रवी गाठच असावी.

त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत शल्यविशारद अँड्र्यू ग्लेन मॉरो एक हृदय उघडून चक्रावले होते. शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या सांगत होत्या की हृदयातून रक्त बाहेर पडण्याच्या वाटेवर अडथळा आहे. प्रत्यक्षात हृदय थांबवून उघडलं तर वाट मोकळी. ते आणि हृदयरोगतज्ज्ञ यूजीन ब्राउनवाल्ड यांनी हे कोडं सोडवलं. हृदय धडधडत असतानाच तो अडथळा तयार होतो. आकुंचन पावताना जाड पडदा वाट अरुंद करतो, शेजारच्या झडपेचं पातळ पातं त्या वाटेत खेचलं जातं, आणि हृदय थांबलं की सगळं जागच्या जागी. मॉरो यांनी पुढे जाड पडद्याचा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. ती आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते. नंतर मॉरो यांना स्वतःलाच हा आजार असल्याचं निष्पन्न झालं.

म्हणजे १९८० च्या दशकापर्यंत हृदय कसं दिसतं ते कळलं होतं, रक्त कुठे अडतं ते कळलं होतं, आजार घराण्यात चालतो हेही कळलं होतं. का होतो, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. अॅड्रिनलीनसारख्या संप्रेरकांचा मारा जास्त होत असेल, पेशींमधल्या कॅल्शियमची ये-जा बिघडत असेल, असे तर्क चालू होते.

क्रिस्टीन साइडमन हृदयरोगतज्ज्ञ, त्यांचे पती जोनाथन साइडमन जनुकशास्त्रज्ञ, दोघंही हार्वर्डमध्ये. मला त्यांच्या कामात आवडतं ते हे की त्यांनी यांतल्या कुठल्याच तर्काची बाजू घेतली नाही. तर्क बाजूला ठेवून त्यांनी वंशावळीलाच विचारायचं ठरवलं. पद्धत सांगायला सोपी, करायला जिकिरीची. प्रत्येक गुणसूत्रावर अशा काही खुणा असतात ज्या माणसागणिक वेगळ्या असतात. मोठ्या कुटुंबातल्या आजारी आणि निरोगी अशा सगळ्यांचं रक्त घ्यायचं, आणि आजार जिथे गेला तिथे नेमकी कोणती खूण त्याच्यासोबत गेली ते शोधायचं. मानवी जनुकांचा नकाशा तेव्हा तयार झालेला नव्हता. एक खूण तपासायची, जुळली नाही तर पुढची घ्यायची. १९८९ साली खूण जुळली ती चौदाव्या गुणसूत्रावर, आणि ती जुळली कोआटिकुकच्या घराण्यात.

चौदाव्या गुणसूत्रावर हृदयाच्या मायोसिन या प्रथिनाची जनुकं आहेत हे आधीच माहीत होतं. मायोसिन म्हणजे स्नायूचं इंजिनच. १९९० साली निकाल आला. हृदयातल्या बीटा मायोसिनची साखळी १,९३५ अमिनो आम्लांची असते. या घराण्यातल्या आजारी माणसांमध्ये तिच्यातली ४०३ क्रमांकाची जागा बदललेली होती. तिथे आर्जिनीन असायचं, ग्लुटामीन आलं होतं. जनुकाच्या पातळीवर पाहिलं तर डीएनएचं एक अक्षर बदललेलं: 'जी'च्या जागी 'ए'. कितीतरी पिढ्यांचे मृत्यू त्या एका अक्षरापाशी येऊन थांबत होते.

या शोधाबद्दल बोलताना बहुतेक जण शास्त्रज्ञांच्या नावापाशी थांबतात. मला त्या कुटुंबाबद्दलही बोलावंसं वाटतं. ज्यांनी भाऊ, बाप, लेकी गमावल्या होत्या त्यांनी दंड पुढे केला. आणि या पद्धतीत निरोगी माणसाचं रक्त आजारी माणसाइतकंच मोलाचं असतं. ज्याला काहीच झालेलं नाही त्याच्यात खूण नसेल, तरच ती खूण खरी म्हणायची. त्या रक्तातून त्यांना स्वतःला ताबडतोब काहीही मिळणार नव्हतं, आणि मिळालंही नाही.

इथे माझी मैत्रीण नेहमी अडते. १९९० साली कारण सापडलं, आणि त्या कारणावर काम करणारं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं २०२२ मध्ये. ती म्हणते, "मग मधली बत्तीस वर्षं त्या माहितीचा उपयोग काय झाला?"

हा प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवला. माझं उत्तर असं आहे की सगळ्यात आधी उपयोग झाला तो ज्यांना आजार नव्हता त्यांना. हा आजार जन्मतः दिसतोच असं नाही. जनुकातला बदल पहिल्या दिवसापासून असतो, पण भिंत जाड व्हायला लागते ती बहुधा वयात येताना, काहींची चाळिशी-पन्नाशीत, काहींची कधीच नाही. त्यामुळे जनुकतपासणीच्या आधी अशा घरातल्या प्रत्येक मुलाला वर्षानुवर्षं धाकात राहावं लागे. आजची सोनोग्राफी चांगली निघाली तरी उद्याचं कुणी सांगावं? घरातला नेमका बदल कोणता ते कळलं की साध्या रक्ततपासणीनं सांगता येतं, तुझ्यात तो नाही, तू मोकळा. तुझी मुलंही मोकळी. औषध नसतानाही निम्म्या घराची अशी सुटका झाली. मला हे फार मोठं वाटतं, आणि त्याची नोंद फार कमी घेतली जाते असंही वाटतं.

मैत्रिणीच्या दोन मुली. नवऱ्याच्या रक्तात बदल सापडल्यावर दोघींची तपासणी झाली. थोरलीत तो निघाला, धाकटीत नाही. धाकटी सुटली म्हणून आनंद करायचा हे त्या घरात कुणाला सुचलंच नाही. धाकटी दोन दिवस ताईशी बोलली नाही. नंतर आईला म्हणाली, "मलाच का नाही गं?" आपल्याला मिळालेली सुटका तिला ताईकडून हिसकावून घेतल्यासारखी वाटत होती. मी तिला समजावलं की प्रत्येक मुलासाठी नाणं वेगळं उडतं, ताईच्या निकालाचा तुझ्या निकालाशी काही संबंध नाही. गणित तिला पटलं. बाकीचं पटायला वेळ लागला.

थोरलीच्या टू-डी एकोच्या वेळी मी सोबत होते. डाव्या कुशीवर झोपवलेली, छातीवर थंडगार जेल, अर्धवट काळोख केलेली खोली. पडद्यावर करड्या रंगात हृदय उघडझाप करत होतं. तंत्रज्ञ बाईंनी चित्र गोठवलं, हृदयातल्या पडद्याच्या एका कडेला एक फुली ठेवली, दुसऱ्या कडेला दुसरी, आणि कोपऱ्यात आकडा उमटला. मग पुन्हा, जरा वेगळ्या ठिकाणी. मोजण्याची रेघ किंचित तिरकी पडली तरी आकडा एक-दीड मिलिमीटरनं हलतो, म्हणून एका मोजणीवर कुणी विसंबत नाही. नऊ मिलिमीटर. म्हणजे बदल आहे, आजार नाही. वैद्यकात अशा माणसांचा आता एक वेगळाच गट झाला आहे. पूर्वी ही माणसं कुणाला दिसतच नव्हती. ते रुग्ण नाहीत आणि बेफिकीरही राहू शकत नाहीत. ठराविक काळानं एको, ईसीजी, आणि खेळाबद्दल डॉक्टरांशी मोकळं बोलणं. ही मुलगी बास्केटबॉल खेळते, अजूनही. पूर्वी अशा मुलांना सरसकट घरी बसवत. आता नुसता जनुकातला बदल आहे एवढ्यावरून खेळ बंद करत नाहीत.

आता त्या मधल्या वर्षांबद्दल, कारण तिथेच या संशोधनाचा मला सर्वांत भावणारा भाग आहे. १९९४-९५ पर्यंत ट्रोपोनिन टी, ट्रोपोमायोसिन, मायोसिन-बाइंडिंग प्रोटीन सी अशा आणखी प्रथिनांतही बदल सापडले. ही सगळी एकाच यंत्रातली: सार्कोमिअर, स्नायू आखडण्याचं सर्वांत लहान एकक, लांबी साधारण दोन मायक्रोमीटर. मग प्रश्न आला की या यंत्रात नेमकं काय बिघडतं? सगळ्यांना वाटलं, यंत्र कमकुवत होत असणार आणि ते भरून काढायला हृदय भिंत जाड करत असणार. तर्क अगदी सरळ होता. १९९६ मध्ये साइडमन यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांत तोच ४०३ चा बदल घडवला आणि त्यांनाही माणसासारखाच आजार झाला. पण वेगवेगळ्या प्रयोगशाळांतली मोजमापं जुळेनात. कुणाला बदललेलं मायोसिन दुबळं वाटे, कुणाला उलट जोरदार.

हळूहळू पारडं जोरदार बाजूला झुकलं, आणि का, तेही कळत गेलं. रस्सीखेच डोळ्यांसमोर आणा. मायोसिनची डोकी म्हणजे दोर ओढणारे हात. संघातले सगळे हात एकाच वेळी दोरावर नसतात. बरेचसे दुमडून विश्रांती घेत असतात, आणि त्या अवस्थेत ते ऊर्जाही अगदी कमी खातात. २०१० च्या सुमारास रॉजर कुक यांच्या प्रयोगशाळेनं ही गाढ विश्रांतीची अवस्था मोजून दाखवली. एचसीएममधले मायोसिनचे अनेक बदल हे हात दुमडू देत नाहीत. जास्त हात दोरावर येतात, हृदय गरजेपेक्षा जोरात आवळतं, आणि दोन ठोक्यांमध्ये पुरतं सैल होत नाही. या रुग्णांना धाप लागते ती बऱ्याचदा या सैल न होण्यामुळे. हृदय भरायलाच पुरेसं उघडत नाही.

मैत्रिणीच्या नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. जिना चढताना थांबावं लागतं म्हणून तो स्वतःला दुबळा समजत आला होता. आपलं हृदय जास्त जोर लावतंय, हे ऐकून त्याचा चेहरा सैलावला. औषधाची गोळी बदलली नव्हती, काहीच बदललं नव्हतं.

औषध आलं ते याच समजुतीतून. साइडमन पती-पत्नी आणि मायोसिनचे अभ्यासक जेम्स स्पूडिच व लेस्ली लाइनवँड यांनी २०१२ मध्ये कंपनी काढली. अट एकच: मायोसिनचा जोर थोडा उतरवणारा रेणू शोधायचा. २०१६ मध्ये उंदरांवरचे निष्कर्ष आले. भिंत जाड व्हायच्या आधी औषध सुरू केलं तर ती जाड होतच नव्हती. २०२० मध्ये २५१ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली आणि एप्रिल २०२२ मध्ये मावाकाम्टेन मंजूर झालं, ज्यांच्या हृदयात तो बाहेरच्या वाटेवरचा अडथळा असतो अशा प्रौढांसाठी. मात्रा जरा जास्त झाली तर हृदयाचा जोर नको इतका उतरतो, म्हणून एको करत करतच हे औषध द्यावं लागतं. अडथळा नसलेल्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत २०२५ साली अपेक्षित फरक दिसला नाही. म्हणजे मोठा गट अजून वाट पाहतोय. हे मी मैत्रिणीपासून लपवलं नाही.

शिवाय जवळपास निम्म्या रुग्णांत एकच एक दोषी बदल सापडतच नाही. आणि सापडला तरी तो सगळं ठरवत नाही. मायोसिन-बाइंडिंग प्रोटीन सीच्या जनुकातला २५ अक्षरं गळालेला एक बदल दक्षिण आशियातल्या सुमारे चार टक्के लोकांत असतो. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा कोट्यवधी माणसांच्या हृदयावर टांगती तलवार असल्यासारखं चित्र उभं राहिलं. पुढच्या बारकाईच्या अभ्यासातून दिसलं की एचसीएमच्या धोक्याचा मोठा वाटा या बदलासोबत थोड्याच लोकांत येणाऱ्या दुसऱ्या एका बदलाचा आहे. बहुतेक वाहकांना हा आजार होत नाही. अशी दुरुस्ती पहिल्या बातमीइतकी गाजत नाही, पण ती वाचलेली बरी. साइडमन यांच्याच गटानं २०१२ मध्ये टायटिन या अवाढव्य प्रथिनातले बदल हृदय फुगण्याच्या आजारात, म्हणजे डायलेटेड कार्डिओमायोपथीत, शोधले. घराण्यात चालणाऱ्या अशा आजाराच्या साधारण चौथ्या हिश्शामागे ते होते. तसे बदल काही निरोगी माणसांतही असतात, आणि बाळंतपणाच्या काळात किंवा कर्करोगाच्या काही औषधांनंतर हृदय थकलं की त्यांचा प्रताप दिसतो. जनुक आणि आयुष्य असे दोघे मिळून आजार घडवतात.

२०२३ मध्ये साइडमन यांच्या प्रयोगशाळेनं पुन्हा त्याच ४०३ च्या उंदरांवर काम केलं, या वेळी बेस एडिटिंग वापरून. हे तंत्र डीएनए न तोडता एका अक्षराचं दुसरं करू शकतं. निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून ते हृदयाच्या पेशींपर्यंत पोचवलं आणि चुकीच्या 'ए'चं पुन्हा 'जी' केलं. लहान वयात दिलेल्या उंदरांना तो आजार झाला नाही. निबंध वाचताना मी दोन्ही क्रमांकांपाशी थबकले होते: १९९० च्या निबंधातला ४०३, आणि हा.

मैत्रिणीला सांगितलं, तर तिचा पुढचा प्रश्न तयारच होता. "आमच्यात तर ४०३ नाहीये. आमचा वेगळाच आहे."

खरंच वेगळा आहे. या आजारात आजवर शेकडो वेगवेगळे बदल सापडले आहेत, त्यांतले कितीतरी एकेकट्या घराण्यापुरते. प्रत्येकासाठी वेगळं वाटाड्या आरएनए, म्हणजे बेस एडिटिंगला नेमक्या अक्षरापर्यंत नेणारा रेणू, बनवावं लागेल, आणि त्यानं भलत्याच अक्षराला हात लावला नाही ना हे प्रत्येक वेळी नव्यानं तपासावं लागेल. काही बदल तर या पद्धतीनं दुरुस्त होण्याजोगेही नाहीत. एका घरापुरतं औषध कोण बनवणार, त्याची चाचणी किती माणसांवर घेणार, निरोगी दिसणाऱ्या मुलीच्या हृदयात विषाणू सोडायचा धोका कोणत्या वयात पत्करायचा, यांतल्या एकाचंही उत्तर आज तयार नाही. मी तिला एवढंच म्हटलं की तुमच्या अहवालातला बदलाचा क्रमांक जपून ठेव आणि जिथे अशा रुग्णांची रीतसर नोंदवही ठेवतात तिथे तिघांचीही नावं दे, नवऱ्याचं, थोरलीचं, आणि धाकटीचंही. निरोगी माणसाची नोंद तिथे लागते. धाकटीनं फॉर्म स्वतःच भरला.